वेळेचे राखणदार, वखताचे पुत्र

दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या उत्तरेकडील मिनारावर 1371च्या सुमारास संगमरवराचे एक सूर्यघड्याळ बसवले गेले. सुमारे दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशा त्या शिळेवर रेषांचे दाट जाळे कोरलेले होते. सूर्य उगवून किती वेळ झाला, मावळायला किती उरला, नमाजाच्या वेळेला किती अवकाश आहे, हे सावलीकडे पाहून त्यावर वाचता येई. ते घडवणारा इब्न अल-शातिर हा त्या मशिदीचा मुख्य मुवक्कित होता. मुवक्कित म्हणजे गणिताने आणि आकाशाच्या निरीक्षणाने नमाजाच्या वेळा ठरवून देणारा, मशिदीच्या चाकरीतला खगोलज्ञ. हा शब्द अरबी ‘वक्त’पासून आला; तोच वक्त फारसीच्या वाटेने मराठीत येऊन ‘वखत’ झाला. त्या काळच्या इस्लामी जगात या एका शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. मुवक्कितासाठी वक्त म्हणजे आकाशावरून मोजता येणारी घटका. सुफींसाठी वक्त म्हणजे माणूस या घडीला ज्या अवस्थेत आहे ती अवस्था, आणि सुफी कोण, तर ‘इब्न अल-वक्त’, वखताचा पुत्र. एकाची नजर सावलीवर, दुसऱ्याची अंतःकरणावर. वरवर पाहता ही दोन टोके वाटतात. माझे म्हणणे असे की ती एकाच शिकवणीची दोन अंगे आहेत. क्षणात जगावे की ध्येयाच्या मागे लागावे, हा आज आपल्याला छळणारा प्रश्न या परंपरेने कसा सोडवला, ते या दोघांना एकत्र पाहिल्यावाचून कळत नाही.

आधी राखणदाराचे काम पाहू. पाच नमाजांच्या वेळा आकाशातल्या खुणांना बांधलेल्या आहेत. पहाटेचा उजेड क्षितिजावर आडवा पसरू लागला की फजरची वेळ सुरू होते आणि सूर्य उगवताच संपते. सूर्य माथ्यावरून ढळला की जुहर. वस्तूच्या माध्यान्हीच्या सावलीत तिच्या उंचीइतकी भर पडली की असर. हनफी पंथात ही भर दुप्पट धरतात. सूर्यबिंब बुडाले की मगरिब, आणि संध्याप्रकाश विझला की इशा. ऋतू बदलला की या वेळा सरकतात, गाव बदलले की पुन्हा सरकतात. आरंभीच्या काळात मुअज्जिन पावलांनी सावली मोजून आणि रात्री नक्षत्रे पाहून हे जमवत. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने, ज्याच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला त्याने, त्या शहराच्या अक्षांशासाठी नमाजाच्या वेळांची कोष्टके केली. कैरोत इब्न युनुस (मृत्यू 1009) याच्या नावाशी जोडली गेलेली कोष्टके पुढे कित्येक शतके, थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत, वापरात राहिली. तेराव्या शतकात इजिप्तमध्ये मुवक्कित हे मशिदीतले स्वतंत्र पद झाले आणि तिथून ते सीरिया, माघरिब (वायव्य आफ्रिका) आणि पुढे उस्मानी तुर्कस्तानात पसरले. इब्न अल-शातिर लहानपणी पोरका झाला होता आणि हस्तिदंताचे जडावकाम शिकला होता. चंद्राच्या गतीचे त्याने मांडलेले गणित नंतरच्या कोपर्निकसच्या मांडणीशी तंतोतंत जुळते, हे 1950च्या दशकात अभ्यासकांच्या ध्यानात आले. अशा तोडीचा माणूस आयुष्यभर पोटासाठी आणि श्रद्धेसाठी नमाजाची वेळ सांगत राहिला. एका समाजाला नेमकी घटका किती मोलाची वाटत होती, याचा याहून ठळक पुरावा शोधावा लागत नाही.

पण नेमकेपणाची ही ओढ कशासाठी? प्रवास, आजारपण अशा सवलती सोडल्या तर वेळेआधी केलेला नमाज मुळी मानलाच जात नाही. वेळ उलटून गेल्यावर केला तर तो ‘कजा’, म्हणजे चुकलेल्याची भरपाई. उद्याचे पाच नमाज आजच उरकून मोकळे होता येत नाही, आणि कालच्या पुण्याईवर आजची सूट मिळत नाही. प्रत्येक घटकेची मागणी तिची तिचीच असते आणि ती त्या घटकेतच पुरी करावी लागते. शिवाय ही मागणी त्या जागेची असते. दमास्कसच्या अक्षांशासाठी कोरलेली शिळा कैरोत नेऊन ठेवली तर ती चुकीची वेळ दाखवील. तेव्हा मुवक्किताचे शास्त्र, त्याला अभिप्रेत असो वा नसो, एक नैतिक गोष्ट शिकवत होते: तू जिथे आहेस तिथे आणि जेव्हा आहेस तेव्हा तुझ्याकडून काय अपेक्षित आहे, ते ओळख. साठवलेली किंवा उसनी घेतलेली वेळ या व्यवहारात चालत नाही.

आता वखताच्या पुत्राकडे वळू. निशापूरच्या अल-कुशैरीने 1046च्या सुमारास सुफी मार्गावर आपला प्रसिद्ध ‘रिसाला’ लिहिला, तेव्हा परिभाषेच्या विवेचनात वक्त या शब्दाला त्याने अगदी आरंभीची जागा दिली. तो सांगतो त्याचा आशय असा. तू ज्यात आहेस तो तुझा वक्त. मन या जगात गुंतले असेल तर हे जग तुझा वक्त, आनंदात असेल तर आनंद, दुःखात असेल तर दुःख. वखताचा पुत्र तो, जो या घडीला आपल्याकडून जे मागितले जात आहे त्यातच पूर्णपणे गुंतलेला असतो. गेलेल्या क्षणाची हळहळ करत बसणे म्हणजे दुसरा क्षणही घालवणे. सुफींनी वक्ताला तलवारीची उपमा दिली, कारण ती हाताला मऊ लागते आणि धारेने कापते. यातली मुख्य गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आज ‘या क्षणात जगा’ असे आपण म्हणतो तेव्हा सहसा क्षणाचा उपभोग घ्या, चिंता सोडा, एवढेच सुचवत असतो. कुशैरीच्या क्षणाला मात्र हक्क आहे. तो आपल्याकडे येतो तोच काही मागत येतो, आणि माणसाची तृप्ती ते देण्यात असते.

इथे पहिला आक्षेप येईल. मशिदीतला गणिती आणि खानकाहमधला, म्हणजे सुफी मठातला, साधक यांची जगे वेगळी होती, फकिह, म्हणजे धर्मशास्त्री, आणि सुफी यांच्यात कडाक्याचे वाद झाले, मग केवळ शब्द एक म्हणून त्यांना एका दावणीला बांधणे ही कोटी नव्हे काय? वाद झाले, हे खरे आहे. मुवक्कितांनी आपले काम सुफी परिभाषेत मांडले असाही माझा दावा नाही. पण कुशैरीची व्याख्याच पुन्हा वाचून पाहावी. या घडीला जे मागितले जात आहे ते करणे, ही जर वखताच्या पुत्राची खूण असेल, तर दिवसातून पाच वेळा ती मागणी कोणती आणि केव्हा, हे त्याला राखणदारच सांगत होता. हा निव्वळ तर्क नाही, काळही जुळतो. ज्या पिढ्यांत इजिप्तच्या मशिदींमध्ये मुवक्किताचे पद रुजले, त्याच पिढ्यांत अलेक्झांड्रियाचा मालिकी पंथातला फकिह आणि शाजिली संप्रदायातला सुफी इब्न अता अल्लाह (मृत्यू 1309) कैरोत शिकवत होता. फकिह आणि सुफी इथे एकाच देहात होते. फुरसत मिळाल्यावर चांगले काम करीन, असे म्हणत ते पुढे ढकलणे हा मनाचा पोरकटपणा आहे, असे त्याने आपल्या ‘हिकम’ या ग्रंथात बजावले. अजान ऐकून ‘थोड्या वेळाने’ म्हणणाऱ्याला मशीद जे सांगे, तेच तो एकूण आयुष्याबद्दल सांगत होता.

तरीही मूळ प्रश्न उरतो. क्षणाची मागणी पुरी करायची, तर माणसाच्या स्वतःच्या ध्येयाचे काय? याचे सर्वांत खोल उत्तर अबू हामिद अल-गजालीच्या ग्रंथांत आणि त्याच्या चरित्रात मिळते. 1091 साली, वयाच्या तिशीतच, तो बगदादच्या निजामिया मदरशात अध्यापक झाला. त्या काळी विद्वानाला याहून मोठे आसन ठाऊक नव्हते. 1095 साली त्याने ते सोडले. आत्मकथनात तो कारण सांगतो ते असे: आपण शिकवतो कशासाठी, हे त्याने तपासले आणि मुळाशी कीर्तीची हाव सापडली. ध्येय गाठलेले होते, पण त्यामागची नियत पोकळ निघाली. नंतरचा काही काळ त्याने दमास्कसमध्ये घालवला, आणि तिथे तो उमय्या मशिदीच्या मिनारात दार लावून दिवस दिवस एकटा बसे. त्याच मशिदीत, जिच्या मिनारावर पुढे पावणेतीनशे वर्षांनी इब्न अल-शातिरची शिळा बसणार होती. पण गोष्ट एकांतात संपत नाही. 1106 साली गजाली पुन्हा शिकवू लागला, या वेळी निशापूरला. काम तेच होते. पूर्वी मानमरातब मिळवून देणाऱ्या विद्येकडे बोलावत होतो, आता तो सोडायला लावणाऱ्या विद्येकडे बोलावतो, असे तो म्हणतो. ध्येय सोडून देणे हा त्याला इलाज वाटला नाही. ध्येयाची जागा त्याने बदलली. जे पुढच्या टोकाला होते ते त्याने आत्ताच्या नियतीत आणून ठेवले. इथे नियत म्हणजे दैव नव्हे, हेतू.

त्याच्या ‘इह्या’ या चाळीस भागांच्या महाग्रंथात ही जागा व्यवहारात कशी आणायची, तेही सांगितले आहे. एक भाग दिवसरात्रीच्या साधनेच्या वाटणीला दिलेला आहे आणि तिथे दिवसाचे सात खंड पाडले आहेत. पण सात खंडांचा हा एकच साचा तो सगळ्यांच्या गळ्यात बांधत नाही. उपासक, विद्वान, विद्यार्थी, कारागीर, राज्यकर्ता आणि ईश्वरात पूर्ण बुडालेला साधक अशा सहा प्रकारच्या माणसांसाठी तो वेगवेगळी वाट सांगतो. ज्याच्यावर कुटुंबाचे पोट अवलंबून आहे त्या कारागिराने बायकापोरांना वाऱ्यावर सोडून सगळा वेळ उपासनेत घालवू नये. बाजाराच्या वेळी बाजारात बसून कमावणे हीच त्याची त्या वेळची साधना, फक्त हात कामात असताना मनाने देवाला विसरू नये. आणखी एका भागात तो मनाला व्यापारातला भागीदार कल्पतो. सकाळी त्याच्याशी ‘मुशारता’, संध्याकाळी ‘मुहासबा’, आणि भांडवल म्हणजे आयुष्याचे श्वास. मराठी माणसाला हे शब्द परके वाटू नयेत; आपला ‘शर्त’ आणि आपला ‘हिशेब’ त्याच धातूंतून आले आहेत. सकाळी शर्त घालायची म्हणजे उद्दिष्ट ठरवायचे. संध्याकाळी हिशेब मागायचा म्हणजे ते तपासायचे. मधला सगळा वेळ भागीदारावर नजर ठेवायची, म्हणजे क्षणात जागे राहायचे. वैयक्तिक ध्येय आणि वर्तमानातली जाग यांना वेगळे काढायला या रचनेत फटच नाही. एका दिवसापेक्षा मोठा हिशेब माणसाच्या हातात नसतो, हे ओळखून केलेली ही मांडणी आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. याच परंपरेत ‘तूल अल-अमल’, म्हणजे लांबलचक आशा, हा दोष मानला गेला. मरण जवळ समज, असे सांगितले गेले. इब्न अता अल्लाहने तर स्वतःची तजवीज सोडण्यावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. मग हा दैववादच नव्हे काय? नशिबावर हवाला ठेवणारी माणसे मुस्लिम समाजात झाली, जशी ती प्रत्येक समाजात झाली, आणि त्यांनी याच शिकवणीचा आडोसा घेतला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मुळातली शिकवण तशी आहे का, हे पाहायला हवे. त्या ग्रंथातही इब्न अता अल्लाह सगळ्या तजविजेला दोष देत नाही; निंद्य तजवीज आणि स्तुत्य तजवीज असा भेद तो करतो. त्याच्याविषयीच एक प्रसंग नोंदलेला आहे. सगळे व्याप सोडून गुरूंपाशी राहावे, अशा विचारात तो असताना गुरू अबुल अब्बास अल-मुर्सी यांनी त्याला आहे त्या कामातच राहायला सांगितले. पैगंबरांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या हदीसमध्ये, उंट बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, असा बोध आहे. आणि कयामत येऊन ठेपली असताना हातात रोप असेल, तर जमल्यास ते लावून टाकावे, असाही आहे. रोप लावणे ही उद्याची गोष्ट. पण उद्या नाही हे समोर दिसत असतानाही लावायचे, म्हणजे त्या कामाचा अर्थ फळावर टांगलेला नाही. ‘इन्शाअल्लाह’ या शब्दाचा उगमही असाच आहे. उद्या मी अमुक करीन, असे देवाच्या इच्छेची जोड दिल्यावाचून म्हणू नये, असे कुराणाच्या अठराव्या सूरेत सांगितले आहे. उद्याचा बेत करण्याला तिथे बंदी नाही. उद्यावर मालकी सांगण्याला आहे.

याचा सर्वांत भक्कम पुरावा पुस्तकांबाहेर, दगडाविटांत मिळतो. लांब आशेला दोष मानणाऱ्या याच समाजाने वक्फ ही व्यवस्था उभी केली. दुकान, शेत, हमामखाना यांचे उत्पन्न कायमचे बांधून द्यायचे आणि त्यातून मशीद, मदरसा, इस्पितळ, पाणपोई चालवायची. वक्फ आणि वक्त हे शब्द मुळात वेगळे आहेत, पण इतिहासात ते एकत्र आले, कारण मोठ्या मशिदींतल्या मुवक्कितांचा पगार या उत्पन्नातून निघे. विरोधाभास दिसतो तो असा: स्वतःच्या आयुष्याबद्दल उद्याचाही भरवसा धरू नको म्हणणारी माणसे शतकानुशतके टिकेल अशी तजवीज करत होती. पण त्यांच्या दृष्टीने यात विरोध नव्हता. लांब आशेतला दोष लांबीत नव्हता, ती ‘माझ्यासाठी’ असण्यात होता. माझे आयुष्य वाढत जाईल, माझी संपत्ती वाढत जाईल, आणि त्यानंतर केव्हातरी मी चांगला माणूस होईन, या आशेला ते नाकारत होते. जे दुसऱ्यांसाठी आहे ते कितीही लांबचे असले तरी आजच करून टाकावे, कारण करणारा उद्या नसेल. मरणाची आठवण इथे हातपाय गाळून बसायला सांगत नाही. कागदावर आजच सही करायला लावते.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. दिवसाचे असे तुकडे पाडणे ही कारखान्याच्या भोंग्यासारखी शिस्त नव्हे काय, आणि शिस्तीत क्षण जिवंत कसा राहील? यंत्राचे वावडे या समाजाला नव्हते. दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या जयरून दरवाजाशी पाण्यावर चालणारे घड्याळ होते. 1184 साली अंदलुसी प्रवासी इब्न जुबैरने ते पाहिले आणि पितळी ससाणे चोचीतून गोळ्या टाकून तास कसे वाजवतात, याचे वर्णन लिहून ठेवले. तरीही भोंगा आणि अजान यांत फरक आहे. कारखान्याची वेळ माणसाला आकाशापासून तोडते; उन्हाळा असो की हिवाळा, आकडा तोच. अजानची वेळ रोज थोडी सरकते आणि ऐकणाऱ्याला रोज आकाशाशी जोडून घेते. उस्मानी काळात तर घड्याळेच सूर्यास्ताला बारा वाजतील अशी लावत, म्हणजे ती रोज सावरून घ्यावी लागत. तुर्कस्तानात ही रीत 1926च्या आरंभी कायद्याने संपली. दुसरे असे की भोंगा माणसाला कामाकडे बोलावतो आणि अजान कामातून उठवते. ध्येय कितीही मोठे असो, दिवसातून पाच वेळा ते खाली ठेवता आले पाहिजे. जे खाली ठेवता येत नाही त्याने माणसाला गिळले आहे, हे ओळखण्याची ती रोजची परीक्षा आहे. सक्तीने आणि सवयीने ही परीक्षा पोकळ होऊ शकते; गजालीने नियतीवर इतका भर दिला तो याच पोकळपणाला ओळखून.

हे सगळे सीरिया-इजिप्तपुरते राहिले नाही. आपल्या दौलताबादच्या शेजारी खुलताबादेत त्याचा एक फार सुंदर अध्याय लिहिला गेला. मुहम्मद बिन तुघलकाने 1327च्या सुमारास दौलताबादला राजधानीचा मान दिला आणि दिल्लीतले मातब्बर, विद्वान, सुफी इकडे आणले. त्यांत चिश्ती सुफी निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब होते आणि कवी अमीर हसन सिज्जीही होता. या सिज्जीने 1308 ते 1322 या काळात निजामुद्दीनांच्या बैठकींतले बोलणे तारीखवार टिपून ‘फवाइद अल-फुआद’ हा ग्रंथ केला होता. दोघांच्याही कबरी खुलताबादेत आहेत. बुरहानुद्दीन 1337 साली वारले. त्यांच्या बैठकींचे बोल शिष्य रुक्नुद्दीन काशानी याने टिपले आणि त्या ग्रंथाला नाव दिले ‘नफाइस अल-अनफास’, अनमोल श्वास. शेखांचे बोल टिपणाऱ्या या मलफुजात वाङ्मयाची घडणच वखताच्या कल्पनेतून झालेली आहे. त्यात पद्धतशीर सिद्धान्त नसतात. अमुक दिवशी अमुक माणूस आला, त्याने असे विचारले, शेखांनी त्याला असे सांगितले, एवढेच असते. उत्तर त्या माणसाचे आणि त्या दिवसाचे असते. चिश्ती साधनेतला ‘पास-ए-अनफास’, म्हणजे श्वासांची राखण, हाही त्याच रांगेतला. मुवक्कित मिनारावरून जे राखत होता, तेच साधक छातीत राखत होता. स्वतःच्या इच्छेविरुद्ध शहर सोडावे लागलेल्या माणसांनी दख्खनच्या या डोंगरावर हे लिहिले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्यांच्या ध्येयांची घडी एका सुलतानाच्या हुकुमाने विस्कटली, त्यांनी नव्या जागी, त्या जागेच्या वखताला हजर राहून, शतकानुशतके टिकलेले काम उभे केले.

दमास्कसच्या मिनारावरची मूळ शिळा पुढे भंगली. एकोणिसाव्या शतकात तिची हुबेहूब प्रतिकृती करून तिथे बसवण्यात आली आणि मूळ शिळेचे तुकडे आता संग्रहालयात आहेत. नमाजाची वेळ आज छापील तक्त्यावर किंवा मोबाइलवर कळते आणि मुवक्किताच्या पदाची गरज जवळजवळ उरलेली नाही. वेळ सांगण्याचे काम यंत्राने घेतले, यात वाईट काही नाही. इब्न अल-शातिरलाही अधिक अचूक साधन आवडलेच असते. पण वेळ कळणे आणि वखताला हजर असणे यांत जे अंतर आहे ते कुठलेही साधन कापत नाही. ते अंतर कापण्यासाठी या परंपरेने सकाळची शर्त दिली, संध्याकाळचा हिशेब दिला आणि मध्ये पाच वेळा थांबायला लावले. ज्याला आयुष्याचे मोठे उद्दिष्ट गाठायचे आहे त्याच्यासाठी, श्रद्धा कोणतीही असो, ही मांडणी आजही वापरात आणण्याजोगी आहे: दूरचे जे काही असेल त्याचा आजचा वाटा कोणता तो सकाळी ठरवावा, तो करताना दुसरीकडे असू नये, आणि दिवे लागल्यावर स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे की आजचे भांडवल कुठे गेले.